तठे हवा शे

शेवभाजीवाल्यानं गाडीपुढची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली आणि गाडी आणि बंद शटर यांच्या मधल्या बोळात नेऊन ठेवली. "ताई, तुम्ही तठे बठा. तठे हवा शे." हवा कुठेच नव्हती. रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते, जळगावच्या अजिंठा चौफुलीवरून ट्रक गेला की वाफ अंगावर यायची आणि मागच्या त्या अंधाऱ्या जागेत तर शटर दिवसभर खाल्लेलं ऊन परत ओकत होतं. गाडीपुढे बाकड्यांवर सगळे बाप्ये. ड्रायव्हर, क्लीनर, एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटून आलेली पोरं. त्यातला एकही माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते मुद्दाम न बघणं मला चांगलं कळत होतं. मी मुकाट्यानं मागे जाऊन बसले. भाचा पुढे, बाकड्याच्या टोकाला. आजवर खाल्लेल्या शेवभाज्यांत ती वरच्या रांगेत बसेल अशी होती. पण घरी येऊन गच्चीवर आडवी झाले तरी ती खुर्ची काही डोक्यातून जाईना. त्यानं मला मान दिला की बाजूला काढलं? आणि त्याला तरी हे दोन वेगवेगळे वाटत असतील का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. आखाजीच्या दिवसांतलं जळगाव म्हणजे सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत गाव दाराआड. पारा ४५ च्या आसपास, रस्त्यावर कुत्रंही सावली सोडत नाही, आणि पुण्याहून आलेल्या माणसानं "किती हो ऊन" म्हटलं की घरातले सगळे एकदम परके होऊन बघतात. दुपारी आमरस-पोळी खाऊन ओल्या पडद्यामागे लोळत पडलो होतो तेव्हा धाकट्या भावाचा मुलगा म्हणाला, "आत्या, तू जळगावची ना? मग रात्रीचं जळगाव पाह्यलं का तू कधी?" तो एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, पाळ्या फिरत्या, त्यामुळे रात्र त्याच्या पायाखालची. मी म्हटलं, अरे, माझा जन्म जुन्या जळगावातला. "जन्म राहू दे. पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं. आमच्या लहानपणी उन्हाळाभर झोपणं गच्चीवर. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, ते चर्र करून उडून जायचं, मग दुसऱ्यांदा मारायचं आणि दिवे मालवले की गाद्या. तिथून रात्र कानानंच यायची. सोड्याच्या बाटलीतली गोटी आत ढकलल्याचा आवाज. कुल्फीवाल्याची घंटा. खानदेश मिलचा भोंगा, आणि त्यानंतर थोड्या वेळानं सायकलींची रांग. स्टेशनात गाडी लागल्याचं, सुटल्याचं. घंटा वाजली की वडील लोटी घेऊन खाली जायचे आणि कुल्फ्या वर यायच्या. कुल्फी वर यायची, आम्ही बहिणी कधी खाली गेलो नाही. जाऊ नका असंही कुणी म्हटल्याचं आठवत नाही. भाऊ मात्र अर्ध्या चड्डीतला होता तेव्हापासून वडिलांचं बोट धरून जायचा आणि वर येऊन सांगायचा की कुल्फीवाल्याच्या मटक्याला ओलं लाल फडकं गुंडाळलेलं असतं. ते लाल फडकं मी कित्येक वर्षं त्याच्या डोळ्यांनी पाहत होते.

भावजय म्हणाली, "रात्रीचं? कशाला? शेवभाजी मी करते ना घरी." तिचं खरंच होतं. तिच्या हातची शेवभाजी चौफुलीवरच्या कुठल्याही गाडीला हरवेल. भाच्यानं मोटरसायकल काढली, मी पदर खोचून मागे बसले, तेवढ्यात समोरच्या ओट्यावर वारा खात बसलेल्या काकांनी विचारलं, "कुठे निघाले एवढ्या रात्री?" भाचा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "आत्याचं औषध आणू राहिलो." काकांनी मान डोलावली. गल्लीच्या तोंडाशी मी त्याच्या पाठीत चापट मारली. "खोटं कशाला बोललास?" तर म्हणे, "खरं सांगितलं असतं तर त्यांनी बाबांना फोन केला असता." माझं वय अठ्ठावन्न आहे.

पहिला तासभर त्यानं मला पाहुण्यांना दाखवतात ते दाखवलं. मेहरूण तलावावर साडेनऊ-दहापर्यंत बायका-पोरं भरपूर. बर्फाचे गोळे, कुल्फी, फुगेवाले, नवऱ्याच्या गाडीवरून एका बाजूला पाय सोडून आलेल्या सुना. दहा वाजले आणि झाडू मारल्यागत बायका नाहीशा झाल्या. सुभाष चौकात सराफ बाजार कुलपात. दिवसा या गल्ल्यांत बायका नवऱ्यांना मागे ठेवून पुढे चालतात. वजनकाट्याच्या काचेपाशी त्यांचा आवाज किती मोठा असतो ते एकदा जाऊन ऐकावं. आता तिथे फक्त राखणदार आणि पायरीवर बिडी ओढणारा एक म्हातारा. भाच्यानं सांगितलं, पहाटे झारेकरी येतात, दुकानांपुढची धूळ ब्रशनं गोळा करून नेतात, त्यात सोन्याचा कण असतो. टॉवर चौकातून स्टेशनकडे गेलो. मिल होती तिथे आता खानदेश सेंट्रल. भोंगा कुठून वाजत असेल याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, पण जमिनीचा चेहराच बदललेला.

"आता खरं जळगाव," भाचा म्हणाला आणि गाडी हायवेला घातली. हा रस्ता आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो, सरकारनं तो ५३ करून बरीच वर्षं झाली तरी. सुरतेहून निघालेला माल नागपूरकडे जातो तो इथून. एका गाडीपुढे गर्दी असूनही तो थांबला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "त्याचं पातेलं आत्ता उतरलंय. रस्सा अजून कच्चा लागंल." त्याचा नियम असा: शेवभाजीच्या गाडीवर कधी पहिल्या धारेला जायचं नाही. पातेलं अर्ध्यावर आलं, कडेला काळी रेघ धरली, की जायचं. तोवर मसाल्यानं तेल सोडलेलं असतं आणि रस्सा मुरलेला असतो. दुसरा नियम, शेव आपल्या डोळ्यांदेखत पडली पाहिजे. आधीच शेव टाकून ठेवणाऱ्याकडे बसायचं नाही, मग तो फुकट का देईना. मी मनात म्हटलं, हे तर आईचे नियम. आई हे स्वयंपाकघरात म्हणायची, हा पोरगा हायवेवर म्हणतोय.

शेवभाजीचं बाहेर आता फार कौतुक झालंय. पुण्यामुंबईत पाट्या लागल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी टोमॅटोच्या लाल रश्श्यात फरसाण सोडून देतात. तिची गोष्ट मुळात नसण्याची. वैशाख-ज्येष्ठात विहिरी तळाला जातात, हिरवं काही दिसत नाही आणि दिसलं तर परवडत नाही. मग डब्यातलं बेसन आणि उडीद बाहेर येतात. पाटवड्यांचा रस्सा, डुबुकवडे, फुनके आणि कढी, कुरडयांची भाजी, आणि काहीच करायचं त्राण नसलं की शेव. जाड, ओव्याची, मुद्दाम भाजीसाठी पाडलेली. नुसती खायची शेव वेगळी. कांदा-खोबरं चुलीत काळं होईस्तो भाजायचं, धणे, लवंग, दगडफूल, मिरच्या, सगळं पाट्यावर. म्हणजे उन्हाळ्यानं लावलेल्या उपासातून निघालेली भाजी, आणि उन्हाळ्यामुळेच रात्री खायची भाजी. दुपारी हा रस्सा घशाखाली उतरवून दाखवावा कुणी.

तर त्या बोळात. माझी खुर्ची टेकली तिच्या शेजारी, जमिनीवर, पोत्यावर एक बाई बसलेली होती. पुढून ती दिसतच नाही. गाडीचा पत्रा आड येतो. शेवभाजीवाल्याची बायको. समोर गॅसची शेगडी, त्यावर बिडाचा तवा, मांडीला परात, आणि बाजूला पिठाचा डबा. पुढून आरोळी यायची, "चार दे!" आणि ती चार द्यायची. पीठ कळण्याचं. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून, मीठ घालूनच दळलेलं, राखाडी. नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते, जपावं लागतं. कळण्याला उडदाचा चिकटा असतो, त्यामुळे ती निर्धास्त थापत होती. उजव्या पंज्याचा थाप, डाव्या हातानं परात फिरवणं नाही तर भाकरीच फिरवणं, बोटांची टोकं पाण्यात, परत थाप. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची. मग तवा बाजूला आणि भाकरी थेट जाळावर, एका कडेनं फुगायला लागली की चिमट्यानं नाही, बोटांनी फिरवायची. त्या बोटांना चटका लागत नसेल? मी विचारलं. तिनं तळहात दिव्याकडे धरला. तळव्याची कातडी चकचकीत झाली होती, रेषा जवळजवळ नव्हत्या.

"माहेर कोनतं तुमनं?" तिनं विचारलं. म्हटलं, इथलंच, जुनं जळगाव. तिनं परत एकदा नीट माझ्याकडे पाहिलं आणि ताटलीत पहिली फुगलेली भाकरी टाकली, पुढच्या चारातली. पुढून ओरड झाली, "एक कमी शे!" "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग आतल्या डब्यातून खरडा काढून दिला. हिरव्या मिरचीचा, जाडसर, तेलात परतलेला. तो पुढच्या कुणाच्या ताटलीत मला दिसला नाही. मी तिला विचारलं, तुम्ही कधी पुढे बसून खाल्लंय का? तिला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. "पुढे काय काम मनं?" म्हणाली. आणि मग थांबून, "मी ते रोज रातले आठेच ऱ्हास." रोज रात्री मी इथेच असते, हे तिनं तक्रारीनं म्हटलं नाही, अभिमानानंही नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

पुढे बसले असते तर मला रस्सा मिळाला असता, खरडा नाही. हे मला कबूल आहे. आणि तरीही मला पुढे बसायचं होतं. रस्ता बघत, ट्रकच्या दिव्यांत, कोपर टेबलावर टेकून, कुणाशी न बोलता.

वडिलांची भरीत पार्टी आठवली. यावलकडे आमच्या नात्यातल्यांचं शेत होतं, थंडीत चंपाषष्ठी झाली की तिथे पार्टी ठरायची. बामणोदची वांगी, फिक्या हिरव्या रंगाची, एकेक हातात मावणार नाही अशी. आतला गर लोण्याचा, बिया नावाला. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भावानं फोन करून सांगितलं होतं, जणू घरातलंच कुणी पास झालं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी लोटायची, सालं काढायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कडकडीत तेल. हे सगळं पुरुष करायचे. वर्षभर पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं न घेणारे काका त्या रात्री बाह्या सरसावून भरीत घोटायचे आणि त्याचं नंतर महिनाभर कौतुक चालायचं. बायका घरी कळण्याच्या पुऱ्या तळायच्या. डबे बैलगाडीतून, पुढे राजदूत मोटरसायकलवरून, शेतावर जायचे. आम्हाला भरीत सकाळी मिळायचं, गार, डब्याच्या कडेला तेल थिजलेलं. गार भरतालाही त्याची म्हणून एक चव असते आणि मला तीच आवडायची, अजून आवडते. गरम भरीत जाळाशेजारी बसून कसं लागतं ते मला कळलं तेव्हा माझी मुलं कॉलेजात होती, आणि तेही पुण्यात, एका सोसायटीच्या टेरेसवर, गॅसच्या शेगडीवर भाजलेलं. म्हणजे कळलं नाहीच.

भाचा हात धुऊन मागे आला. त्याला म्हटलं, तुमच्या कंपनीत रात्रपाळीला बायका आहेत का रे? "छे. पहिल्या पाळीला पॅकिंगमध्ये आहेत. रात्री नाही." माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात हजेरीच्या तक्त्यांवर गेली, त्यामुळे हे कलम मला पाठ आहे. १९४८ चा कारखाने कायदा, कलम ६६: बायकांनी काम करायचं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं २०१५ साली अटी घालून रात्र मोकळी केली. सुरक्षेची सोय, घरी पोचवायला गाडी, वगैरे. कलम लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळच्या गिरण्यांत रात्री बाईचं काय होत असे ते ज्यांनी पाहिलं त्यांनीच ते लिहिलं असणार. त्यांनीही म्हटलं, ताई, तुम्ही तिकडे बसा. फक्त पत्र्याआड पोत्यावर बसून पहाटेपर्यंत भाकरी थापणाऱ्या बाईला कुठलंच कलम लागू होत नाही, कारण तो कारखाना नाही आणि ती कामगार नाही. ती बायको आहे.

आणि असंही नाही की खानदेशातली बाई रात्री बाहेर पडलीच नाही. याच आखाजीला, गौराईच्या दिवसांत, माहेरवाशिणी अर्धी रात्र झोक्यावर असायच्या. निंबाला दोर बांधलेला, दोघी समोरासमोर उभ्या, पायांनी पाट रेटत, आणि गाणी अशी की सासूसासऱ्यांच्या सात पिढ्या उद्धराव्यात. पुरुष तिकडे पारावर पत्ते कुटत. आखाजीचा जुगार कुणी जुगारात धरत नसे. मी लहान असताना मामांच्या गावी हे पाहिलंय. माझी मावशी, सासरी तोंडातून शब्द न काढणारी, मध्यरात्री झोक्यावरून मोठ्यानं ओरडून गात होती आणि दोन गल्ल्या पलीकडे तिच्या भावांना ऐकू जात होतं. पण ते आखाजीला. कीर्तनाला चालतं, नवरात्रात चालतं, घरात कुणी आजारी असेल तर दवाखान्याच्या पायरीवर रात्ररात्र चालतं. देव, रोग, सण, काहीतरी लागतं. भूक चालत नाही. निदान स्वतःची चालत नाही.

हे मी भाच्याला मोटरसायकलवर, हेल्मेटच्या वरून ओरडून सांगत होते, कारण आम्ही भुसावळला निघालो होतो. ते आधी ठरलेलं नव्हतं. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती आणि मला झोप नव्हती. नशिराबादच्या पुढे रस्ता मोकळा, आणि पहिल्यांदा हवा लागली. खरी हवा, शेतांवरून आलेली, तिच्यात ओल्या केळीच्या खोडाचा वास. रावेर-सावद्याकडून केळीनं भरलेले ट्रक समोरून येत होते, ताडपत्रीखालून हिरव्या घडांची टोकं निघालेली. उन्हात भरलं तर वाटेतच पिकतील, म्हणून हा मालही रात्रीचा प्रवासी. भाचा म्हणाला, "आत्या, तू एवढी बोलते ते बाबांना माहीत आहे का?"

भुसावळची रात्र जळगावच्या रात्रीहून वेगळी आहे. रेल्वेचं गाव. इथे घड्याळाला दिवस-रात्र नाही, फक्त गाड्या आहेत. गार्ड, ड्रायव्हर, तिकीट तपासनीस दोन वाजता डबा घेऊन कामावर निघतात आणि तीनला कामावरून येतात, आणि स्टेशनबाहेरच्या टपऱ्या त्यांच्या हिशेबानं चालतात. ऑम्लेट-पाव, इडली, उकळून काळा झालेला चहा. खाणं म्हणून सांगण्यासारखं तिथे काही नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते. ऑम्लेट तर रबरी होतं. पण मी इकडेतिकडे पाहिलं आणि बायकाच बायका. ट्रंकेवर बसलेल्या, पोराला मांडीवर घेऊन पंख्यानं वारा घालणाऱ्या, दोघीतिघी मिळून पुलाच्या पायऱ्यांवर पोळी-लोणचं खाणाऱ्या, चप्पल उशाला घेऊन उघड्यावर गाढ झोपलेल्या. कुणी त्यांच्यासाठी खुर्ची हलवत नव्हतं. कुणी बघतही नव्हतं, आणि हे न बघणं चौफुलीवरच्या न बघण्यासारखं नव्हतं. त्यांच्याजवळ पिशव्या होत्या. पिशवी म्हणजे गाडी, गाडी म्हणजे कारण. मी माझी खांद्यावरची पर्स पुढे ओढून मांडीवर घेतली आणि टपरीच्या पुढच्या बाकड्यावर, बरोब्बर दिव्याखाली, बसले. भाचा हसला. त्याला कळलं होतं.

चहावाल्या पोरानं ग्लास ठेवता ठेवता विचारलं, "मावशी, कोणती गाडी?"

भाच्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. काशी म्हणणार होता की काय कोण जाणे. त्याच्या आधी मीच बोलले. "गाडी नाही. खायला आलो जळगावहून."

पोरानं माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, ऑम्लेटच्या अर्ध्या टाकलेल्या बशीकडे पाहिलं.

"मग लवकर आले तुम्ही," तो म्हणाला. "पोहे चारला होतात."

आम्ही थांबलो. चारचे साडेचार झाले. पोहे तेलकट होते, मिरची मात्र झणझणीत. भाच्यानं त्याला शेव मागितली तर संपली म्हणाला, आणि त्यावरून त्या दोघांचं जे सुरू झालं ते गाडीला किक मारेपर्यंत चाललं.